महागडी कार्ट्रिज घेण्याआधी: आधी टोनआर्म, मग प्रीअॅम्प, मग पसंती

चांगला टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) घरात आहे, त्याच्यासोबत आलेली कार्ट्रिज (सुई धरणारा आणि तिच्या थरथरीतून विजेचा सिग्नल बनवणारा छोटा भाग) आता अपुरी वाटते आणि नव्या कार्ट्रिजसाठी बऱ्यापैकी रक्कम बाजूला काढून ठेवली आहे. इथवर सगळं सोपं असतं. पुढे मात्र नवखा माणूस अडकतो. एकाच किमतीत दहा-बारा नावं समोर येतात, प्रत्येकीबद्दल एक जण भरभरून बोलतो तर दुसरा नाक मुरडतो, आणि स्वतःच्या कानांनी ऐकून ठरवावं म्हटलं तर तशी सोय जवळपास कुठेच नाही. यात दुकानदाराची चूक नाही. सीलबंद डबी उघडून कार्ट्रिज एकदा हेडशेलला (टोनआर्मच्या टोकावरच्या पट्टीला) लावली की ती वापरलेली ठरते. ती नीट बसवण्यात तास जातो, आणि बोटाचा एक चुकार धक्का कॅन्टिलिव्हर (सुई धरणारी बारीक दांडी) मोडायला पुरतो. शिवाय दुकानातल्या टोनआर्मवर (कार्ट्रिज रेकॉर्डवर धरणाऱ्या दांड्यावर) जो आवाज ऐकला तोच तुमच्या टोनआर्मवर येईल असं नाही.

म्हणून शोधाचा क्रम उलटा करा. परीक्षणं सगळ्यात शेवटी वाचा. टोनआर्म, फोनो प्रीअॅम्प (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल अॅम्प्लिफायरला पुरेल इतका वाढवणारं यंत्र) आणि सुईचा आकार या तीन चाळण्यांतून यादी गाळली की हातात जेमतेम तीन-चार नावं उरतात. त्यांच्यातली निवड खिसा आणि आवड करू शकते.

१. घरातल्या यंत्रांचे आकडे कागदावर उतरवा

कार्ट्रिजचं एकही नाव शोधण्याआधी एवढं लिहून ठेवा:

- टोनआर्मचं इफेक्टिव्ह मास, ग्रॅममध्ये. हेडशेल धरून दिलंय की सोडून, तेही पाहा.
- काउंटरवेट (टोनआर्मच्या मागच्या टोकाचं वजन) किती ग्रॅमपासून किती ग्रॅमपर्यंतची कार्ट्रिज तोलू शकतं.
- टोनआर्मची उंची कमी-जास्त करता येते का.
- ओव्हरहँग (सुई स्पिंडलच्या, म्हणजे मधल्या खुंटीच्या, किती पुढे जाते), किंवा पिव्हटपासून (टोनआर्म ज्यावर फिरतो तो बिंदू) स्पिंडलपर्यंतचं अंतर.
- प्रीअॅम्पचा गेन डेसिबलमध्ये, त्याचा इनपुट इम्पीडन्स आणि इनपुट कपॅसिटन्स.
- टोनआर्मपासून प्रीअॅम्पपर्यंतच्या केबलची कपॅसिटन्स.

इफेक्टिव्ह मास म्हणजे टोनआर्म काट्यावर ठेवल्यावर भरणारं वजन नव्हे. सुईच्या जागी जे जडत्व जाणवतं त्याचा तो आकडा आहे. टर्नटेबलच्या मॅन्युअलमध्ये तो नसेल तर कंपनीला ईमेल करून विचारा, अंदाजावर जाऊ नका. पुढचं सगळं गणित त्याच्यावर उभं आहे.

२. रेझोनन्सचं गणित करा

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, त्यामुळे घाई नको.

कॅन्टिलिव्हर मागच्या बाजूला रबराच्या छोट्याशा कडीत धरलेला असतो. ही कडी जितकी मऊ तितका कम्प्लायन्स जास्त. मऊ कडी आणि तिच्यावर तोललेलं वजन मिळून एक स्वतःची कंपनसंख्या, म्हणजे रेझोनन्स, तयार होते. ती ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान यायला हवी. त्याच्या खूप खाली गेली तर वाकड्या रेकॉर्डचे हेलकावे आणि जमिनीवरच्या पावलांचे धक्के तिला हलवतात. वूफरचे पडदे आवाज नसतानाही पुढे-मागे होताना दिसतात आणि कधी सुई उडते. वर गेली तर खर्जाच्या सुरांना धक्का लागतो.

सूत्र असं:

रेझोनन्स (हर्ट्झ) = १५९ ÷ √(एकूण वस्तुमान × कम्प्लायन्स)

एकूण वस्तुमानात टोनआर्मचं इफेक्टिव्ह मास, कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रू-नट हे तिन्ही ग्रॅममध्ये येतात. कम्प्लायन्स काही कंपन्या मायक्रोमीटर प्रति मिलिन्यूटनमध्ये देतात, तर काही ‘१०⁻⁶ सेंमी/डाइन’ असा. आकडा दोन्हींत सारखाच असतो, बदलायची गरज नाही.

टेक्निक्सच्या एसएल-१२०० मालिकेचा टोनआर्म १२ ग्रॅमचा धरू. त्यावर ऑर्टोफॉनची २एम ब्लॅक लावायची आहे: वजन ७.२ ग्रॅम, कम्प्लायन्स २२. स्क्रू ०.८ ग्रॅम धरले तर एकूण २० ग्रॅम. २० × २२ = ४४०, वर्गमूळ सुमारे २१, आणि उत्तर सुमारे ७.६ हर्ट्झ. खालच्या टोकाच्या जरा बाहेर. सपाट रेकॉर्ड आणि भक्कम रॅक असेल तर चालेल. रेकॉर्ड जुन्या आणि वाकलेल्या असतील तर त्रास होईल.

आता सापळा. डेनॉन डीएल-१०३ चं वजन ८.५ ग्रॅम आणि कम्प्लायन्स फक्त ५. त्याच टोनआर्मवर, स्क्रू १ ग्रॅमचे धरून, उत्तर येतं १५ हर्ट्झच्या वर. इथेच बरेच जण तिच्यावर काट मारतात. पण तो ५ चा आकडा १०० हर्ट्झला मोजलेला आहे. जपानी कंपन्या बहुधा १०० हर्ट्झचा आकडा देतात, युरोपीय कंपन्या बहुधा १० हर्ट्झचा, आणि आपल्या सूत्राला हवा असतो १० हर्ट्झचा. ढोबळ हिशोबाने १०० हर्ट्झचा आकडा दीडपट ते दुप्पट करायचा. म्हणजे डीएल-१०३ साठी ७.५ ते १०, आणि उत्तर सुमारे ११ ते १२.५ हर्ट्झ. कार्ट्रिज चांगली बसते. स्पेसिफिकेशनमध्ये कम्प्लायन्सच्या शेजारी १०० हर्ट्झ लिहिलंय का, हे प्रत्येक वेळी तपासा. काहीच लिहिलेलं नसेल तर विक्रेत्याकडून लेखी उत्तर घ्या.

टोनआर्म हलका आणि कार्ट्रिज ताठ असेल तर इलाज आहे. ८ ग्रॅमच्या टोनआर्मवर हीच डीएल-१०३ सुमारे १३ हर्ट्झवर जाते. हेडशेल आणि कार्ट्रिजच्या मध्ये ५ ग्रॅमची चकती घातली की ती ११.५ च्या आसपास येते. मात्र काउंटरवेटला तेवढं वजन तोलता आलं पाहिजे. उलट बाजूला, जड टोनआर्म आणि मऊ कार्ट्रिज असेल तर फारसं काही करता येत नाही. सुट्या हेडशेलचा टोनआर्म असेल तर हलकं हेडशेल घेता येतं, एवढंच.

३. प्रीअॅम्प कार्ट्रिजला पुरेल का ते पाहा

मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे एमएम कार्ट्रिज साधारण ३ ते ६ मिलिव्होल्ट देते. लो आउटपुट मूव्हिंग कॉइल, म्हणजे एमसी, देते ०.२ ते ०.५ मिलिव्होल्ट. महागड्या कार्ट्रिजांत एमसीचा भरणा जास्त, आणि अनेकांच्या घरचा प्रीअॅम्प फक्त एमएमसाठी केलेला. ४० डेसिबल गेन म्हणजे १०० पट, ६० डेसिबल म्हणजे १००० पट. ५ मिलिव्होल्टचे ४० डेसिबलने ०.५ व्होल्ट होतात, ते पुरेसे आहेत. पण ०.३ मिलिव्होल्टचे त्याच गेनवर ०.०३ व्होल्टच होतात. अॅम्प्लिफायर पूर्ण फिरवावा लागतो आणि संगीताबरोबर फसफस आणि गुणगुणही वर येते. ०.३ मिलिव्होल्टसाठी ६० डेसिबल किमान धरा. ०.२५ किंवा त्याखालच्या कार्ट्रिजला ६५ च्या आसपास गेन लागतो.

आउटपुटच्या आकड्यांची तुलना करताना ते खाचेतल्या हेलकाव्यांच्या किती वेगावर मोजलेत ते पाहा. काही कंपन्या ५ सेंमी प्रति सेकंदाचा आकडा देतात, काही ३.५४ चा. वेग वेगळा असेल तर दोन आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही.

लोडिंगचा साधा नियम असा की एमसीला तिच्या अंतर्गत इम्पीडन्सच्या किमान दहापट लोड, म्हणजे प्रीअॅम्पचा इनपुट इम्पीडन्स, द्यायचा. ४० ओहमच्या डीएल-१०३ ला ४०० ओहमच्या आसपास. तुमच्या प्रीअॅम्पवर १०० ओहमची एकच जागा असेल तर अशी कार्ट्रिज त्यावर दबलेली वाजते आणि दोष बिचाऱ्या कार्ट्रिजला दिला जातो.

स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर (एमसीचा सिग्नल एमएम इनपुटला पुरेल इतका वाढवणारा) घेणार असाल तर गुणोत्तराचा वर्ग लक्षात ठेवा. १:१० चा ट्रान्सफॉर्मर ४७ किलोओहमच्या एमएम इनपुटला जोडला की कार्ट्रिजला ४७,००० ÷ १०० म्हणजे ४७० ओहम दिसतात. १:२० चा घेतला तर भागाकार ४०० ने होतो आणि उरतात जेमतेम ११७ ओहम. डीएल-१०३ ला १:१० योग्य आहे. ०.३ चे ३ मिलिव्होल्ट होतात आणि लोडही बरोबर येतो. ‘जास्त गुणोत्तर म्हणजे जास्त चांगला’ असं समजून १:२० घेऊ नका.

एमएम घेणाऱ्यांनी कपॅसिटन्सकडे पाहावं. २एम मालिकेला १५० ते ३०० पिकोफॅरड चालतात, ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेला १०० ते २००. केबल आणि प्रीअॅम्प यांची बेरीज याच्या वर गेली की वरच्या पट्टीत उंचवटा येतो आणि ‘स’, ‘श’ कानाला टोचतात. दीड मीटरची स्वस्त केबल एकटीच ही मर्यादा ओलांडू शकते.

प्रीअॅम्प अपुरा निघाला तर एमसीचा विचार तूर्तास सोडा, किंवा अर्धं बजेट प्रीअॅम्पकडे वळवा. साध्या प्रीअॅम्पवर लावलेल्या महागड्या एमसीपेक्षा चांगल्या प्रीअॅम्पवरची मध्यम एमएम जास्त समाधान देते, हे आमचं ठाम मत आहे.

४. सुईचा आकार तुमच्या रेकॉर्ड बघून ठरवा

गोल, म्हणजे कोनिकल सुई खाचेत वरवर टेकते. लंबगोल तिच्यापेक्षा आत जाते. शिबाटा, लाइन कॉन्टॅक्ट आणि मायक्रोलिनिअर या सुयांच्या कडा खाचेच्या भिंतीला उभ्या रेषेत टेकतात. त्यामुळे रेकॉर्डच्या आतल्या भागात, जिथे खाच सगळ्यात दाटीची असते, तिथेही आवाज फाटत नाही. शिबाटा आकार १९७० च्या दशकात जपानच्या जेव्हीसीने सीडी-४ या चार चॅनेलच्या रेकॉर्डसाठी काढला. त्या रेकॉर्डमध्ये ३० किलोहर्ट्झचा वाहक सिग्नल कोरलेला असे आणि साध्या सुयांना तो वाचता येत नव्हता.

या आकारांची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते, पैशात आणि बसवण्याच्या काटेकोरपणात. गोल सुई थोडी तिरकी बसली तरी खपून जाते, मायक्रोलिनिअर खपवून घेत नाही. टोनआर्मची उंची बदलता येत नसेल आणि नीट बसवून देणारं कुणी जवळ नसेल, तर चांगली नेकेड लंबगोल सुई घ्या. ‘नेकेड’ म्हणजे अखंड हिरा थेट कॅन्टिलिव्हरवर. ‘बॉन्डेड’ म्हणजे धातूच्या खुंटीवर चिकटवलेलं हिऱ्याचं टोक. ती जड असते, आणि महागड्या कार्ट्रिजवर ती दिसली तर घेऊ नका.

कॅन्टिलिव्हर अॅल्युमिनियमचा, बोरॉनचा, माणकाचा किंवा नीलमण्याचा असू शकतो. अॅल्युमिनियम धक्क्याने वाकतो, बोरॉन सरळ तुटतो. घरात लहान मुलं असतील किंवा झाडलोट दुसरं कुणी करत असेल, तर हाही निवडीचा मुद्दा आहे.

घरात आजोबांच्या काळातल्या ७८ आरपीएमच्या तबकड्या असतील, नाट्यसंगीताच्या किंवा अब्दुल करीम खाँसाहेबांच्या, तर त्यांच्यासाठी ही कार्ट्रिज अजिबात वापरू नका. एलपीसाठीच्या गोल सुईची त्रिज्या १८ मायक्रोमीटरच्या आसपास असते, ७८ साठी ६५ ते ७५ लागते. एलपीची सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते. आवाज खरखरीत येतो आणि तबकडीच्या शेलॅकमधल्या (लाखेतल्या) कठीण भरावाने सुईही झिजते. सोयीचा मार्ग म्हणजे सुया बदलता येणारी एमएम बॉडी. व्हीएम९५ मालिकेतल्या सगळ्या सुया एकाच बॉडीवर बसतात, ७८ ची सुद्धा. ७८ च्या सुईला मात्र ५ ग्रॅमच्या आसपास दाब लागतो. तेवढा तुमच्या टोनआर्मला देता येतो का ते आधी बघा.

५. जागेवर बसेल का?

बहुतेक कार्ट्रिजना अर्ध्या इंचावर, म्हणजे १२.७ मिलिमीटरवर दोन छिद्रं असतात आणि २.५ मिलिमीटरचे स्क्रू लागतात. काहींत आटे पाडलेले असतात, काहींना खालून नट लावावा लागतो. पी-माउंटची कार्ट्रिज (मागच्या पिनांनी थेट टोनआर्मच्या टोकात खुपसायची) वेगळी, ती साध्या हेडशेलला अडॅप्टरशिवाय लागत नाही. रेगाच्या टोनआर्मला उंचीचं समायोजन नसतं, त्यामुळे उंच बॉडीच्या कार्ट्रिजसाठी टोनआर्मच्या बुडाखाली स्पेसर घालावा लागतो. तो कार्ट्रिजसोबतच मागवा. थोरेन्स टीडी १२४ चं मूळ बिडाचं प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी) असेल तर ताकदवान चुंबकाच्या एमसी टाळा. प्लॅटर कार्ट्रिजला खाली ओढतं आणि दाब वाढतो.

६. विक्रेता, वॉरंटी आणि कस्टम्स

पहिली पसंती अधिकृत वितरकाला. त्याचं नाव कंपनीच्या संकेतस्थळावर आहे का ते स्वतः बघा, विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नका. ग्रे मार्केटमधली (अधिकृत वितरकाला वगळून आलेली) कार्ट्रिज स्वस्त पडते, पण बिघडली की इथला वितरक हात लावत नाही आणि पुढे सुई घासली की एक्स्चेंजही (जुनी घेऊन कमी किमतीत नवी) देत नाही. पैसे देण्याआधी चार प्रश्न लेखी विचारा:

- डबी उघडल्यावर दोष निघाला तर किती दिवसांत कळवायचं?
- दोन चॅनेलच्या पातळीत किती डेसिबलचा फरक दोष धरला जाईल?
- सुई झिजल्यावर एक्स्चेंज किती रकमेत मिळेल?
- अनुक्रमांक बिलावर येईल का?

‘आवाज आवडला नाही’ म्हणून परत घेणारे विक्रेते अगदी मोजके. त्यामुळे पहिल्या तीन चाळण्या घरीच लावून मग पैसे द्यायचे.

जुन्या साठ्यातला ‘न वापरलेला’ माल हा मोठा मोह आहे. शुअर कंपनीने २०१८ मध्ये कार्ट्रिजांचं उत्पादन थांबवलं. आज ‘नवी’ म्हणून मिळणारी शुअरची सुई एक तर जुना साठा असते किंवा दुसऱ्या कुणीतरी बनवलेली. डबी सीलबंद असली तरी आतलं रबर वयाने ताठ होतं आणि कम्प्लायन्सचा छापील आकडा खरा राहत नाही. अशा कार्ट्रिजसाठी नव्याची किंमत मोजू नका.

परदेशातून मागवत असाल तर कुरिअर कंपनीला केवायसीसाठी पॅन, आधार किंवा पासपोर्ट यांपैकी जे लागेल ते आधीच अपलोड करून ठेवा, नाहीतर पार्सल विमानतळावर अडून बसतं. बिलावर ‘पिक-अप कार्ट्रिज’ आणि ८५२२ १० हा वर्गीकरण क्रमांक लिहायला सांगा. शुल्क वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा या बेरजेवर लागतं आणि त्यावर जीएसटी. तेव्हा ऑर्डरच्या दिवशीचे दर बघून पूर्ण रक्कम काढा आणि मगच इथल्या किमतीशी तुलना करा. विक्रेता ‘कमी किंमत दाखवतो’ म्हणाला तर नको म्हणा. माल हरवला तर विमाही तेवढाच मिळतो, आणि कस्टम्सने पकडलं तर भुर्दंड तुमच्याच माथी.

७. पार्सल आल्यावर पहिला तास

डबी उघडण्यापासून सलग व्हिडिओ काढा, अनुक्रमांक स्पष्ट दिसू द्या. मग १० पट भिंगातून किंवा फोनच्या मॅक्रो लेन्समधून समोरून पाहा: कॅन्टिलिव्हर बॉडीच्या मध्यरेषेत आहे का, हिरा सरळ उभा आहे का, गोंदाचा थेंब टोकापर्यंत आलेला नाही ना. किंचित तिरकेपणा हातकामाच्या कार्ट्रिजमध्ये चालतो. नुसत्या डोळ्याला दिसण्याइतका असेल तर बसवण्याआधीच फोटो पाठवून तक्रार करा.

एमसीच्या पिनांना मल्टिमीटर लावून कॉइल तपासायचा मोह टाळा. तारा केसाहून बारीक असतात आणि मीटरचा प्रवाह त्यांना झेपेलच असं नाही.

८. बसवणं

साधनं: ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल गेज (सुईचा दाब मोजायला), प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिजचा कोन जुळवायची रेघांची पट्टी), पितळी स्क्रू, बारीक चिमटा, पाणसळ, चुंबक न धरणारा स्क्रूड्रायव्हर. शेवटचं महत्त्वाचं. एमसीचं चुंबक पोलादी स्क्रूड्रायव्हर झटक्यात ओढून घेतं आणि मध्ये कॅन्टिलिव्हर असतो.

वायरींचे रंग: पांढरी डावी धन, निळी डावी ऋण, लाल उजवी धन, हिरवी उजवी ऋण. क्लिप पिनेवर घालताना धातू धरा, वायर ओढू नका. सुईचं झाकण असेल तर शेवटपर्यंत राहू द्या.

प्रोट्रॅक्टरवर रेघेशी कॅन्टिलिव्हर जुळवा, बॉडीची कड नाही. बेअरवाल्ड मांडणीत (कोन जुळवण्याच्या एका प्रचलित पद्धतीत) सुई स्पिंडलपासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटर या दोन बिंदूंवर रेघेला समांतर यायला हवी. दाब कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या मधोमध किंवा जरा वर ठेवा. कमी दाबाने रेकॉर्ड वाचते हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उडत राहते आणि भिंती खरवडते. गेजचा कप पोलादी असेल तर चुंबक त्याला ओढतं आणि आकडा खोटा येतो. गेजचा वरचा पृष्ठभाग रेकॉर्डच्या उंचीवरच हवा. आवाज उजव्या बाजूला आधी फाटत असेल तर अँटिस्केट (टोनआर्मची आतल्या बाजूची ओढ तोलणारं समायोजन) थोडं वाढवा.

रबर उष्णतेने मऊ आणि थंडीने ताठ होतं. मे महिन्यात पंख्याखाली बसवलेली कार्ट्रिज एसीच्या खोलीत वेगळी वाजते. ज्या तापमानात ऐकता त्याच तापमानात बसवा. पहिल्या ३० ते ५० तासांत रबर थोडं सैल होतं, त्यानंतर दाब आणि उंची पुन्हा तपासा.

एक बाजू हळू वाजत असेल तर फोनो इनपुटला डावी-उजवी पिन अदलाबदल करा. हळू आवाज दुसऱ्या स्पीकरमध्ये गेला तर दोष टोनआर्मकडच्या बाजूला: क्लिप, वायर, तिरकी बसलेली कार्ट्रिज किंवा कार्ट्रिज स्वतः. जागेवरच राहिला तर प्रीअॅम्प किंवा त्यापुढचं काहीतरी. विक्रेत्याला फोन करण्याआधी एवढं तपासलेलं असलं की बोलणं लवकर मिटतं.

९. तास लिहा, रीटिपची सोय आधीच बघून ठेवा

ऑडिओ-टेक्निकाच्या मते त्यांच्या लंबगोल सुया सुमारे ३०० तास, गोल ५००, शिबाटा ८०० आणि मायक्रोलिनिअर १००० तास टिकतात. रोज ४० मिनिटांची एक एलपी ऐकली तर १००० तासांना चार वर्षं लागतात, ३०० तासांना जेमतेम सव्वा वर्ष. किंमत भागिले तास असा हिशोब मांडला की महाग सुई पुष्कळदा स्वस्त पडते.

एमएमची सुई घरी ओढून बदलता येते. एमसीची येत नाही. तिला कंपनीचं एक्स्चेंज किंवा रीटिप करणारा (नवी सुई बसवून देणारा) कारागीर लागतो, जसे अमेरिकेतले साउंडस्मिथ किंवा इंग्लंडमधले एक्सपर्ट स्टायलस. कार्ट्रिज भारतातून बाहेर पाठवताना निर्यातीच्या कागदावर ‘दुरुस्तीसाठी, परत येणार’ असं आणि अनुक्रमांक दोन्ही लिहून घ्या. मूळ बिलाची प्रत जोडा. नाहीतर परत येताना तुमच्याच कार्ट्रिजवर नव्या मालासारखं शुल्क मागितलं जातं, आणि ती तीच आहे हे दाखवायला हातात काही नसतं.